आठ सेकंद आधी

हवेचा विरोध वाढला की उपग्रह उशिरा येत नाही, लवकर येतो. नवख्याला हे उलटं वाटतं. वरची विरळ हवा घासून ऊर्जा कमी होते, कक्षा जराशी खाली उतरते आणि खालच्या कक्षेत फेरी लवकर पुरी होते. उपग्रह केव्हा येईल ते सांगणाऱ्या प्रोग्रॅमनं दिलेल्या वेळेच्या आधीच स्वारी क्षितिजावर हजर! पुण्यातला एक जुना हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, या ‘आधी’च्या मागे कित्येक वर्षं लागलेला आहे. हातातली यागी अँटेना इतक्या रुंद टापूतलं ऐकते, की आठ-दहा सेकंदांनी संपर्कात काडीचा फरक पडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरीही ते सेकंद त्याला सलतात.

कोणता प्रोग्रॅम चांगला, यावर भांडणाऱ्यांशी त्याचं जमत नाही. कुणी ऑर्बिट्रॉनचा अभिमानी, कुणी जीप्रेडिक्टचा, कुणी सॅटपीसी 32 चा. पोटात सगळ्यांच्या एकच एसजीपी 4, म्हणजे 1980 साली स्पेसट्रॅकच्या तिसऱ्या अहवालात छापलेलं गणित. फरक पडतो तो केप्समुळे, म्हणजे उपग्रहाची कक्षा सांगणाऱ्या आकड्यांमुळे. प्रत्येकी 69 अक्षरांच्या त्या दोन ओळींत बी-स्टार नावाचा एक आकडा असतो आणि हवेचा सगळा विरोध त्या एका आकड्यात कोंबलेला असतो. सूर्य खवळला, वरची हवा फुगली की कालचा आकडा आज खोटा ठरतो. मे 2024 च्या भूचुंबकीय वादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला. सगळे त्याचे फोटो एकमेकांना पाठवत होते. हा मात्र दर काही तासांनी केप्स उतरवून बी-स्टार किती हलला ते पाहत बसला होता.

ऑस्कर-7 च्या बाबतीत ही कटकट नाही. 15 नोव्हेंबर 1974 ला सुटलेला हा उपग्रह 1981 मध्ये बॅटरी बिघडून गप्प झाला आणि 2002 च्या जूनमध्ये पुन्हा ऐकू आला. तेव्हापासून तो फक्त उन्हात बोलतो, कारण चालतो तो नुसत्या सौर पट्ट्यांवर. सुमारे 1450 किलोमीटरवर हवा जवळजवळ नाहीच, त्यामुळे त्याचे महिन्याभराचे केप्सही खुशाल चालतात. स्पेस स्टेशन 400 किलोमीटरच्या आसपास फिरतं. त्याचे केप्स आठवड्यात शिळे होतात. मध्येच इंजिन चालवून कक्षा उचलली, तर ते उलट उशिरा येतं.

वेळ तपासायची कशी, तर डॉपलरवरून. बीकनचा, म्हणजे उपग्रहाच्या खुणेच्या संदेशाचा, सूर आधी सावकाश उतरतो, उपग्रह सगळ्यात जवळ आला की झपकन घसरतो आणि मग पुन्हा संथ होतो. ती घसरण सर्वांत तीव्र असते तो क्षण म्हणजे टीसीए. 437 मेगाहर्ट्झवर एका पासमध्ये, म्हणजे उपग्रहाच्या आकाशातल्या एका फेरीत, दोन्ही बाजूंना मिळून वीसेक किलोहर्ट्झचा फरक पडतो. डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्ये वळण इतकं खडं असतं, की सेकंद नेमका पकडता येतो. क्षितिजालगतच्या पासमध्ये ते पसरट होतं आणि मधला बिंदू हाती लागत नाही. 1957 मध्ये स्पुटनिकच्या अशाच सुरांवरून जॉन्स हॉपकिन्सच्या गायर आणि वाइफेनबाख या दोघांनी अख्खी कक्षा काढली होती. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ 2016 मध्ये पीएसएलव्ही-सी34 वरून आणखी एकोणीस उपग्रहांसोबत सुटला. अशा गर्दीतून आपला उपग्रह कोणता, हे ओळखायलाही डॉपलरच कामी येतो.

हा हॅम तो क्षण कानानं पकडायचा आणि त्याला त्याचा गर्व होता. गच्चीवर पाहुणे जमले की फोन खिशात ठेवून तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा आणि ‘आता’ म्हणायचा. खरखरीतून बीकन वर यायचा. दुपारभर केलेली आकडेमोड तो कुणाला सांगत नसे. लोकांना ती उपजत जाण वाटावी, असंच त्याला हवं असायचं. हॅमसॅटच्या काळात, म्हणजे 2005 ते 2014, हे फार चाललं. इस्रोनं सोडलेला तो आपला उपग्रह होता आणि त्यावर बोलताना एका हातात माइक धरायचा नि दुसऱ्यानं डायल फिरवत राहायचं, हीच मजा होती. आता संगणकच रेडिओची फ्रिक्वेन्सी फिरवतो. सूर हलतच नाही, मग कान तयार व्हायचा कसा? त्याच्या मते या छंदातली निम्मी विद्या तिथेच आटली.

आता त्याच्याच कानाला खरखर आणि बारीक बीकन वेगळे काढता येत नाहीत. शिकायला येणारी इंजिनिअरिंगची मुलगी लॅपटॉपवर वॉटरफॉल, म्हणजे वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणारा आलेख, उघडते आणि सगळी वक्ररेषा एका चित्रात दाखवते.

‘काका, टीसीए आठ सेकंद आधी आला. वेळच सरकवून टाकू?’

‘अगं, वेळ कशाला? बी-स्टार कमी पडतोय.’

तेव्हापासून दोघांचा वाद चालू आहे. चूक नुसती वेळेची असेल तर ती रोज तेवढीच राहते. हवेची असेल तर दिवस दुप्पट झाले की चूक चौपट होते. एका पासवरून या दोन्हींत निवड करता येत नाही. म्हणून ते एकच केप्स न बदलता रोज डोक्यावरचा पास नोंदवतात. स्पेस स्टेशनच्या नोंदी आतापर्यंत मुलीच्या बाजूनं जास्त झुकल्या आहेत. तो वही तिच्याकडे देतो, पण ‘तुझं बरोबर’ हे शब्द अजून त्याच्या तोंडून निघालेले नाहीत.