गाळाने राखलेले नगर

बेल्जियमच्या फ्लँडर्स या सपाट, समुद्राला लगटून असलेल्या प्रदेशात ब्रूज हे नगर वसले आहे. प्रेमिकांचे नगर म्हणून त्याची युरोपभर ख्याती आहे, आणि ब्रुसेल्सहून आगगाडीने तासाभरात तिथे पोहोचता येत असल्यामुळे बहुतेक पाहुणे सकाळी येतात व दिवे लागण्याच्या सुमारास परततात. या अल्प मुक्कामात जे दिसते ते खरोखरच मोहवणारे असते. विटांच्या पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या त्रिकोणी दर्शनी भिंती, पाण्यात थेट उतरलेले त्यांचे पाये, कमानी पुलांखालून डोके वाकवून जाणाऱ्या उघड्या नावा आणि या साऱ्याला आपल्या अंगावर हलकेच थरथरवत ठेवणारे हिरवट काळे पाणी, असा हा देखावा आहे. रोझेनहूडकाय या धक्क्यावर, जिथे कालव्याला वळण मिळते आणि मागे 83 मीटर उंचीचा घंटाघराचा मनोरा उभा राहतो, तिथे पाहुण्यांचा पाय हमखास अडतो. मात्र ज्या शांततेवर हे सौंदर्य उभे आहे ती शांतता या नगराने मागितलेली नव्हती.

ब्रूजच्या कालव्यांना तिथे 'रेयन' म्हणतात. नगरातून वाहणाऱ्या रेये या छोट्या नदीचे पाणी खोदून, वळवून आणि बांधून ते घडवले गेले. 1134 मध्ये समुद्राला आलेल्या प्रचंड उधाणाने किनारा फोडला आणि झ्विन नावाची खाडी जमिनीत खोलवर शिरली, तेव्हा या नगराला अनायासे समुद्राची वाट मिळाली. मोठी जहाजे डाम या उपबंदराजवळ थांबत आणि त्यांतला माल लहान पडावांवर चढवून नगरात आणला जाई. मुख्य चौकात तर 'वॉटरहाले', म्हणजे कालव्यावरच बांधलेले छपरी गोदाम होते, ज्याच्या पोटात शिरून ऊनपावसाचा त्रास न होता नावा रिकाम्या होत. इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचे कापड, बाल्टिक किनाऱ्यावरची कमावलेली कातडी व फरची पोती, इटालियन सावकारांच्या हुंड्या आणि व्हेनिस व जिनोआमार्गे आलेली मलबारची मिरी यांचे सौदे या बाजारात होत. आज ज्या पाण्यावर हंस तरंगतात, त्या पाण्यावर त्या काळी हमालांच्या हाका, डांबराचा वास आणि भाषांचा कल्लोळ असला पाहिजे.

जे समुद्राने दिले ते समुद्रानेच परत घेतले. झ्विनमध्ये वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, आणि 15व्या शतकाच्या अखेरीस खोल बुडाच्या जहाजांना ती वाट अवघड झाली. त्यात राजकीय कलहाची भर पडली. 1488 मध्ये आपल्या हक्कांसाठी उठलेल्या ब्रूजकरांनी त्यांचा राज्यकर्ता मॅक्सिमिलियन यालाच काही काळ कैदेत ठेवले, आणि त्यानंतर परदेशी व्यापाऱ्यांचा ओघ अँटवर्पकडे वळला. पोर्तुगिजांनी आफ्रिकेला वळसा घालून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून नेलेली मिरी 16व्या शतकाच्या आरंभापासून अँटवर्पच्याच धक्क्यावर उतरू लागली.

पुढची तीन शतके नगराकडे जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा उरला नाही. 19व्या शतकात युरोपातली इतर शहरे गिरण्यांच्या धुराने काळवंडत होती, तेव्हा ब्रूजमधल्या हजारो स्त्रिया आणि मुली लाकडी रिळांवर बारीक सुताची लेस विणून तुटपुंज्या मजुरीवर दिवस काढत होत्या. या ओसाडीलाच पुढे काव्य लाभले. झॉर्झ रोडेनबाख या लेखकाच्या 1892 मधील 'ब्रूज-ला-मोर्त' या फ्रेंच कादंबरीत पत्नी गमावलेला पुरुष या नगरात आपल्या दुःखाची छाया शोधत फिरतो, आणि सोबत छापलेल्या निर्मनुष्य कालव्यांच्या छायाचित्रांनी ती छाया वाचकांच्या मनात पक्की केली. जगाला भावलेली ही उदासी तिथे राहणाऱ्यांच्या दारिद्र्यातून आली होती, हे विसरणे त्या लेस विणणाऱ्या हातांवर अन्याय करणारे ठरेल.

जे दिसते ते सगळेच मध्ययुगीन आहे असेही नाही. 19व्या शतकात अनेक दर्शनी भिंती गॉथिक वळणाने पुन्हा उभारल्या गेल्या, आणि अवर लेडी चर्चच्या मागचा, जोडप्यांचा अतिशय लाडका बोनिफासियस पूल तर 1910 च्या सुमाराचा आहे. यात फसवणूक पाहण्याचे कारण नाही. ज्या गवंड्यांनी तो बांधला त्यांना भोवतालच्या जुन्या विटांचा स्वभाव नेमका कळला होता, आणि शतकभराच्या शेवाळाने उरलेले काम पुरे केले.

दक्षिण टोकाला मिनेवॉटर नावाचे तळे आहे. त्याला प्रेमाचे सरोवर म्हणतात आणि एका विरहिणीची आख्यायिका त्याच्याशी जोडतात. त्याच्या लगत 1245 मध्ये स्थापन झालेले बेगिनाज आहे. बेगीन म्हणजे आजन्म व्रताची शपथ न घेता, लग्न किंवा मठ या दोहोंबाहेर राहून प्रार्थना आणि कष्ट यांवर एकत्र जगणाऱ्या स्त्रिया. त्यांच्या पांढऱ्या घरांच्या वेढ्यात उंच झाडांखाली वसंतात डॅफोडिलची फुले फुलतात. प्रेमकथेच्या तळ्यापेक्षा स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या या स्त्रियांचे अंगण अधिक वेळ थांबण्याजोगे आहे.

ज्या पाहुण्याच्या हाती एकच दुपार आहे त्याने अर्ध्या तासाच्या नौकाफेरीसाठी रांगेत उभे राहण्याऐवजी डामपोर्ट या जुन्या वेशीच्या जागेपासून ईशान्येकडे निघावे. नेपोलियनच्या आज्ञेने खोदलेल्या कालव्याच्या काठाने, वाऱ्याने एका अंगाला झुकलेल्या झाडांच्या सोबतीने, सायकलवरून अर्ध्या तासात डाम गाठता येते. जिथे जहाजे नांगरली जात तिथे आता सपाट कुरणे पसरली आहेत, आणि ब्रूजचे कालवे इतके शांत का झाले हे तिथे उभे राहिल्यावर जितके स्पष्ट कळते तितके नगरातल्या कोणत्याही पुलावरून कळत नाही.