गवताची जमीन

ज्याच्या हाती ससा तो पारधी. ही म्हण काही केल्या डोक्यातून जात नाही. ससा कुणी उठवला, काट्याकुट्यांतून कोण धावलं, याची ती चौकशीच करत नाही. शेवटी हातात कुणाच्या, एवढंच बघते. जंगल वारली आदिवासींनी साफ केलं, नांगर त्यांनी धरला आणि सातबारा सावकाराचा.

२३ मे १९४५ ला तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या झरीला वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. वेठ बंद, असं तिथे ठरलं. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर सावकाराकडे राबत. त्या लग्नगड्यांना मग वारल्यांनीच गावोगाव जाऊन सोडवलं. हे वाचताना ऊर भरून येतो.

पण मी अडतो ते गवतापाशी. पावसाळा सरला की तिथल्या माळांवर गवत माजतं. वाकून विळ्याने कापायचं, उन्हात वाळवायचं, भारे बांधायचे. ते मुंबईच्या तबेल्यांत जायचं. पाचशे पौंडांना अडीच रुपये द्या, एवढीच मागणी. ऐन कापणीच्या हंगामात विळे थांबले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले.

पुढे कसेल त्याची जमीन झाली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. पण गवत कोण कसतं? ते आपसूक उगवतं. कापणारा मजूर, कूळ नव्हे. शेजारच्या पारडीत त्याआधीच, १९५३ साली, आदिवासींनी गवताच्या माळांवर धान्य पिकवू द्या, असा सत्याग्रह मांडला. मग मालकी मिळवायला प्रत्येक माळ नांगरायचाच का? गुरांनी कुठे जायचं? आणि पिढ्यान्‌पिढ्या कापणाऱ्याचा त्या माळावर काहीच हक्क नाही, हे मनाला पटत नाही.

वनजमिनीसाठी २००६ चा वनहक्क कायदा आला, तो विचारतो: १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवा. म्हणजे पुन्हा ससा हातातच हवा. ज्या म्हणीचा मला राग येतो, तीच आज आदिवासीच्या दाव्याचा आधार आहे. तिला वाईट म्हणावं की नाही, आता मला सांगता येत नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी चालत आले. त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि त्यांची एक मुख्य मागणी वनजमीन नावावर करून द्या, हीच होती.