चुकीची नोंद

व्यापारी घराण्यात मुलाला पेढीवर बसवताना पहिला धडा दिला जातो तो हिशेबाचा. रोजमेळ त्याच दिवशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर चूक कोठे झाली हे शोधून तिची स्वच्छ नोंद झाली पाहिजे. खाडाखोड करून चूक झाकणाऱ्यापेक्षा ती मान्य करून दुरुस्तीची नोंद लिहिणाऱ्याची पत बाजारात अधिक असते. आज याच घराण्यांतील कित्येक मुले-मुली वहीऐवजी संगणकासमोर बसतात. त्यांच्या व्यवसायाला हा जुना धडा लागू पडतो काय, या प्रश्नाचे उत्तर रायन डाल या अमेरिकन अभियंत्याच्या कारकिर्दीत सापडते.

डाल यांचा जन्म १९८१ चा, कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे ते वाढले. सहा वर्षांचे असताना आईने त्यांना ॲपल टू-सी हा संगणक आणून दिला. पुढे मात्र त्यांनी विषय निवडला गणिताचा. रोचेस्टर विद्यापीठात ते पीएच. डी. साठी दाखल झाले. परंतु ज्या अमूर्त गणिताने आरंभी मोहिनी घातली, त्याचा प्रत्यक्ष जीवनाशी फारसा संबंध नाही असे त्यांना वाटू लागले. पदवी अर्धवट सोडून ते दक्षिण अमेरिकेत गेले आणि तेथे पोटापाण्यासाठी संकेतस्थळे तयार करू लागले. नंतर जर्मनीत राहून ते स्वतंत्रपणे कामे घेत. प्रतिष्ठेचे पद नाही, पाठीशी मोठी कंपनी नाही, अशा अवस्थेतील हा तरुण एका साध्या अडचणीपाशी थबकला.

फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर चित्र चढवताना ते किती चढले हे दाखवणारी एक पट्टी असे. ब्राउझरला स्वतःला ते कळत नसे. त्याला पुन्हापुन्हा सर्व्हरकडे विचारणा करावी लागे. एवढ्याशा गोष्टीसाठी इतका खटाटोप का, हा प्रश्न डाल यांच्या मनात घर करून राहिला.

त्याचे मर्म दुकानाच्या उदाहरणाने सहज कळते. गिऱ्हाईकाने माल मागितला, नोकर गोदामात गेला, आणि तो परत येईपर्यंत दुकानदार त्याच गिऱ्हाईकासमोर हातावर हात ठेवून उभा राहिला, तर मागची रांग वाढतच जाईल. प्रत्येक गिऱ्हाईकासाठी वेगळा दुकानदार नेमला तर रांग सरेल, पण पगाराचा बोजा वाढेल. त्या काळचे बहुतेक सर्व्हर या दोहोंपैकी एका रीतीने चालत. शहाणा दुकानदार तिसरीच रीत पाळतो. तो चिठ्ठी गोदामात धाडतो आणि लगेच पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो. माल आला की पहिल्याला हाक मारतो. एकच माणूस, पण वाट पाहण्यात एक क्षणही वाया जात नाही.

ही रीत डाल यांनी जावास्क्रिप्ट या भाषेत बसवली. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा सिद्ध केला, ती ही भाषा मुख्यतः ब्राउझरपुरती वापरली जात होती. २००८ मध्ये गूगलने क्रोमसोबत व्ही-८ हे वेगवान इंजिन खुले केले होते. त्याच्या आधारे डाल यांनी नोड जेएस निर्माण केले आणि ८ नोव्हेंबर २००९ रोजी बर्लिनमधील परिषदेत ते सादर केले. श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. काही वर्षांतच लिंक्डइन, पेपाल, नेटफ्लिक्स अशा मोठ्या कंपन्यांनी ते स्वीकारले. जानेवारी २०१२ मध्ये डाल यांनी प्रकल्पाची सूत्रे सहकाऱ्याकडे सोपवली व ते बाजूला झाले.

कारकिर्दीची कथा येथेच संपली असती तरी ती यशाचीच ठरली असती. पण २०१८ च्या जून महिन्यात ते पुन्हा बर्लिनच्या त्याच परिषदेत उभे राहिले. या वेळी व्याख्यानाचा विषय होता, नोडविषयी आपल्याला पश्चात्ताप वाटतो अशा दहा गोष्टी.

त्यांनी चुका नेमकेपणाने सांगितल्या. पुढे मिळणाऱ्या उत्तराची जणू हुंडीच असलेली ‘प्रॉमिस’ ही सोय त्यांनी २००९ मध्ये नोडमध्ये घातली होती आणि २०१० च्या फेब्रुवारीत काढून टाकली होती; ती राहिली असती तर पुढील कित्येक वर्षांचा गुंता टळला असता. दुसरी चूक सुरक्षिततेची. व्ही-८ मुळात कोंदणात बंदिस्त असते. पण नोडमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला संपूर्ण संगणकाची दारे खुली होती. नव्या नोकराला पहिल्याच दिवशी तिजोरीसकट साऱ्या किल्ल्या द्याव्यात, तसे हे झाले. तिसरी चूक, प्रत्येक प्रकल्पाच्या मागे उसन्या सामग्रीचे अवाढव्य गोदाम उभे करणारी ‘नोड मॉड्यूल्स’ची रचना. काही गोष्टी तर केवळ गोंडस वाटल्या म्हणून घातल्या होत्या, हेही त्यांनी मोकळेपणाने कबूल केले.

यातील एकही चूक आता नोडमधून पुसता येण्याजोगी नव्हती. लक्षावधी लोकांचे काम त्या पायावर उभे होते. गप्प राहण्यात त्यांचे काहीच बिघडत नव्हते. उलट कीर्ती अबाधित राहिली असती. तरीही त्यांनी बोलणे पत्करले आणि त्याच व्यासपीठावर डेनो या नव्या प्रणालीची घोषणा केली. नोड या शब्दाचीच अक्षरे फिरवून तिचे नाव घडले आहे. तिच्यात प्रोग्रॅमला फाइल वाचायची किंवा नेटवर्कवर जायचे तर आधी स्पष्ट परवानगी लागते. मे २०२० मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली.

पुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डेनोच्या दुसऱ्या आवृत्तीने नोडसाठी लिहिलेली सामग्री, ‘नोड मॉड्यूल्स’ची रचनासुद्धा, चालवून घेण्याची सोय केली. ज्या गोष्टीचा जाहीर पश्चात्ताप केला, तिलाच पुन्हा दार उघडावे लागले. कारण लोकांचा जुना माल एका रात्रीत टाकून देता येत नाही. निर्मात्याची शुद्ध कल्पना आणि गिऱ्हाईकाची खरी गरज यांत अंतर पडते तेव्हा दुकान चालवणाऱ्याला तडजोडीचे मोल ओळखावे लागते. परवानगीचा नियम मात्र त्यांनी सोडला नाही. कोठे वाकायचे आणि कोठे नाही, हा विवेक त्यात दिसतो.

मुलगा संगणक अभियंता झाला की घरचे लोक पगार, पद आणि परदेशाची संधी विचारतात. ते स्वाभाविक आहे. त्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारला जावा: केलेल्या कामातील चूक कोणीही न विचारता सांगण्याची सवय त्याला लागली आहे काय? भाषा आणि साधने दर काही वर्षांनी बदलतात. आज शिकलेले उद्या जुने होते. ही सवय मात्र जुनी होत नाही. वहीच्या काळात पत तिच्यावर उभी होती, आणि वही जाऊन पडदा आला तरी ती तिच्यावरच उभी आहे.