शिकवणाऱ्याचं गाणं

जॅझ पियानोवादक बॅरी हॅरिस यांचा वर्ग मी पहिल्यांदा चित्रफितीवर पाहिला, तेव्हा मला आपली तालीमच आठवली. पियानोशी बसलेला म्हातारा एक ओळ गाऊन दाखवतो आणि अख्खा वर्ग ती उचलतो. नवखे, जाणते, गाणारे, वाजवणारे सगळे एकत्र. आधी कान, मग गळा, मग बोटं.

हॅरिस 1929 साली डेट्रॉइटला जन्मले. चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या आईनं त्यांना पहिले धडे दिले. तरुणपणीच त्यांच्या घरी शिकायला येणाऱ्या पोरांची रीघ असायची. सॅक्सोफोनवादक चार्ल्स मॅकफर्सन त्यांतलेच. 1960 मध्ये हॅरिस न्यूयॉर्कला गेले, नामवंतांबरोबर वाजवलं, आणि 1982 मध्ये त्यांनी ‘जॅझ कल्चरल थिएटर’ उघडलं. पाच वर्षांनी ते बंद पडलं, पण शिकवणं थांबलं नाही. नव्वदी गाठल्यावर, टाळेबंदीतही, ते संगणकाच्या पडद्यावरून शिकवत राहिले.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मी घरी पेटीवर वाजवते. सा ग प ध एकदम दाबायचे, मग रे म कोमल ध नी. पहिल्यात विसावा, दुसऱ्यात ओढ. सात शुद्ध स्वरांत एक कोमल धैवत आला की आठ स्वर होतात. ठोक्याला दोन स्वर या चालीनं वर गेलं, की सा, ग, प, ध नेमके ठोक्यावर येतात आणि ओढीचे स्वर मधल्या जागांवर. शिकवणाऱ्याला आपल्या बोटांना आपसूक जमलेलं असं सुटं करून पाहावं लागतं. तिथे त्याची स्वतःची साधनाही पुढे सरकते.

आमच्या शहरात गायक नाथराव नेरळकरांनी शिकवण्याचा हाच वसा घेतला होता. गुरू अण्णासाहेब गुंजकरांकडून मिळालेली विद्या त्यांनी मराठवाड्यातल्या मुलामुलींना दिली, सरस्वती भुवन महाविद्यालयात शिकवलं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना इथे राहूनच मिळाला. 2021 च्या मार्चमध्ये ते गेले. त्याच वर्षी डिसेंबरात हॅरिस.

मैफल ऐकणारा घरी जाताना आनंद घेऊन जातो, शिष्य मात्र ती कलाच घेऊन जातो. म्हणून गाण्याच्या शिक्षकाची थोरवी जाणायची असेल, तर त्याच्या मैफली मोजण्याआधी त्याच्या शिष्यांना ऐकावं.