वाऱ्याच्या तोंडावर

माझ्या आत्याचे यजमान मालवणचे. आम्ही मंडळी धुळ्याची. नाव म्हटली कीं ती तापीच्या पात्रांत बांबूनें रेटायची, याहून अधिक नौकाशास्त्र आमच्या घराण्यांत कोणास ठाऊक नव्हतें. 1978 च्या उन्हाळ्यांत काका आमच्याकडे आले असतां, रात्रीं गच्चीवर गप्पांच्या ओघांत म्हणाले, "वारा पाठीशीं असला म्हणजे शिडाची होडी कोणीही हाकारील. खरी मौज वारा समोरून आला म्हणजे!" मी नुकताच पदार्थविज्ञान घेऊन बी. एससी. झालों होतों. वारा मागें लोटणार आणि त्याच्याच बळावर होडी पुढें जाणार! कितीही पटाईत डोंबारी असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं, असें मीं सर्वांदेखत सुनावलें. मंडळी पोट धरून हंसली. काकांनीं तबकांतलें एक विड्याचें पान उचललें व तें तिरपें धरून ते मला कांहीं दाखवूं लागले. पण हंसें थांबेना. तेव्हां त्यांनीं त्याच पानाला चुना लावला आणि विषय संपविला.

काकांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. मी केवळ वाऱ्याचा विचार केला, पाणी विसरलों. तिरप्या शिडावरून वाहतांना वारा वळतो, आणि वळतांना शिडाला जवळजवळ काटकोनांत रेटतो. या रेट्याचा मोठा भाग होडीला बाजूला लोटणारा, थोडासाच पुढें नेणारा. पण तळाचा उभा कणा पाण्यांत असल्यानें बाजूची वाट जवळजवळ बंद. उरते ती पुढचीच. ओला चिंचोका दोन बोटांत दाबून पाहावा : बोटें आडवीं दाबतात, चिंचोका पुढें उडतो. होडी जगते ती हवा आणि पाणी यांच्या वेगांतील फरकावर. आकाशांत सोडलेल्या फुग्याला हा फरक मिळत नाहीं, म्हणून तो बिचारा वारा नेईल तिकडे जातो. थेट वाऱ्याच्या नाकासमोर मात्र शीड चालत नाहीं. सुमारें 45 अंशांचा कोन राखून, एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे, असें नागमोडी जावें लागतें.

हें मला कोणा पुस्तकानें नव्हे, साक्री तालुक्यानें शिकविलें. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांखालीं एक दुपारभर उभा होतों. पातें वाऱ्याबरोबर पळत नाहीं; त्याला आडवें कापीत जातें, आणि त्याचें टोंक वाऱ्याच्या कित्येक पट वेगानें फिरतें. पाहतां पाहतां एकाएकीं तें तिरपें धरलेलें विड्याचें पान आठवलें. अशीच चक्की होडीवर बसवून तिनें पाण्यांतला मळसूत्री पंखा फिरविला, तर नागमोडीचीही गरज उरत नाहीं. होडी सरळ वाऱ्यावर चालून जाते. जमिनीवर तर 2012 सालीं कॅलिफोर्नियांत 'ब्लॅकबर्ड' नांवाची गाडी याच तत्त्वानें वाऱ्याच्या दुपटीहून अधिक वेगानें त्याच्या समोर धांवली.

काका मात्र हें ऐकायला उरले नव्हते. 2010 मध्यें दिलीप दोंदे गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, ती बातमी वाचून मीं आत्याला फोन केला आणि त्या रात्रीची चूक कबूल केली. ती थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "मामंजी मतलई वारा समोरून येत असतां होडी बंदराला लावीत. हे लहानपणीं त्याच होडींत बसलेले असत. मला तें ठाऊक होतें. पण तुम्ही सगळे हंसलांत ना, तेव्हां मीही हंसलें होतें रे."