वाक्य अर्धवट राहिलं

लहानपणी नगरजवळच्या आमच्या गावात नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती कीर्तन व्हायचं. पेटी, तबला, झांजा, आणि आख्यान बहुतेक वेळा उधळ्या पुत्राचं. बाप जिवंत असतानाच वाटणी मागणारा धाकटा, परमुलखात उडवलेला पैसा, डुकरं राखायची आलेली पाळी. आमच्या बुवांचं कसब मात्र एकाच जागी पणाला लागे. उपरणं कमरेला बांधून, धोतराचा सोगा मुठीत धरून ते मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत. बड्या घरचा म्हातारा, गडीमाणसं बघतायत, आणि हा उघड्या पोटऱ्यांनी पोराकडे धावतोय! आम्ही पोरं हसायचो. मागे बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

तेव्हा न दिसलेली एक गोष्ट मला पन्नाशीत दिसली. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तो पोरगा परत निघताना बोलणं ठरवून ठेवतो. पाप झालं, मुलगा म्हणवून घ्यायची लायकी उरली नाही, आता मजूर म्हणून ठेवा. बाप गळ्यात पडल्यावर तो पहिलं बोलतो, दुसरं बोलतो. तिसरं त्याच्या तोंडून येतच नाही. तोवर बापाने झगा, अंगठी, जोडे आणायला माणसं पिटाळलेली असतात.

हे ध्यानात आलं, कारण असंच एक बोलणं मी शेवटपर्यंत होऊ दिलं होतं.

वडिलांच्या मागे धाकट्या भावाने आपला हिस्सा विकला आणि पुणं गाठलं. अकरा वर्षं फिरकला नाही. आईच्या दोन ऑपरेशनांचा खर्च मी एकट्याने केला आणि तारीखवार एका लाल वहीत लिहून ठेवला. तो परतला तेव्हा भर दुपार होती. दारातच त्याने सुरुवात केली, "दादा, माझं चुकलं..." मी त्याला आत ये म्हटलं नाही. चौकटीला हात लावून ऐकत राहिलो. कर्ज, दारू, बायकोचं माहेरी निघून जाणं, सगळं त्याला उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगावं लागलं. मी एकदाही मध्ये तोडलं नाही. आवाज चढवला नाही, म्हणजे क्षमा केली, असं मी धरून चाललो.

आतून आई भिंतीला धरत आली. "किती वाळलास रे. हातपाय धू आधी." त्याचं बोलणं तिथेच तुटलं, आणि इतका वेळ न रडलेला तो तेव्हा रडला.

देवाची दया म्हणजे पश्चात्तापाची पावती, अशी आपली समजूत असते. आधी आपण भरायचं, मग त्याने द्यायचं. लूकच्या गोष्टीत क्रम उलटा आहे. पोरगा दूर असतानाच बापाचं आतडं हलतं. तिथलं ग्रीक क्रियापद आतड्यांवरूनच आलेलं आहे. जुन्या करारात दयेला 'रहमीम' हा हिब्रू शब्द येतो, आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. आपल्या मराठी शास्त्रात लूकच्या त्या जागी 'कळवळा' आहे. भाषांतरकाराने किती नेमका शब्द उचलला! कळवळा पोटातून येतो, हिशेबातून नाही.

मग हिशेब खोटा का? तसंही नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात राजा एका चाकराला दहा हजार तालांत सोडतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार हा मजुराचा दिवसाचा रोज. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी फेडायला दोन लाख वर्षं लागतील. त्याच चाकराचे सोबत्याकडे शंभर दीनार येणं असतं, आणि तो त्याचा गळा धरतो. शंभर दीनारही काही थोडे नव्हेत, शंभर दिवसांची मजुरी आहे. माझी लाल वहीही खरीच आहे. पण राजाने ऋण सोडलं तेव्हा ते हवेत विरलं नाही. ती तूट त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. क्रूसाकडे मी आता असा पाहतो. माफ करणाऱ्यालाच ते भरावं लागतं.

दर रविवारी आम्ही प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण' हा शब्द उच्चारतो. वर्षानुवर्षं तो म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर ती वही कधी आली नाही.

गोष्टीतला थोरला भाऊ अंगणात अडून बसतो. बापाशी बोलताना तो "माझा भाऊ" म्हणत नाही, "तुमचा मुलगा" म्हणतो. मीही आईला "तुझा पोरगा आला होता" असंच सांगायचो. त्याच्यासाठीही बाप बाहेर येतो, त्याची मनधरणी करतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

आई आता नाही. भाऊ महिन्यातून एकदा येतो. अजूनही दारात घुटमळतो, चपला काढताना काहीतरी बोलायला तोंड उघडतो. गेल्या रविवारी तो "दादा" म्हणाला आणि पुढचा शब्द यायच्या आत मी म्हटलं, "हातपाय धू आधी." शब्द आईचे होते, आवाज अजून माझाच होता, जरा कोरडा. तो मोरीकडे गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.