रद्द झालेल्या कलमाला घाबरून मागितलेली माफी

आज माझीच एक चूक कबूल करायची आहे. पोस्ट मोठी आहे, पण गावच्या कामांवर ग्रुपमध्ये दोन शब्द लिहिणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या वर्षी, वयाच्या 36व्या वर्षी, मी तीन वर्षांच्या एलएलबीला ॲडमिशन घेतली. फीची पावती हातात पडली आणि गावात मी लगेच 'वकीलसाहेब' झालो. कॉलेज सुरू व्हायला अजून पंधरा दिवस होते. पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन सेकंडहँड पुस्तकं आणली होती. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं एक पातळसं पुस्तक होतं.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा रात्री घरी आला. त्याने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याच्या टाकीचा फोटो टाकून विचारलं होतं, 'सहा महिन्यांत टाकी गळायला लागली, पैसा नेमका मुरला कुठे?' दुसऱ्या दिवशी एका कार्यकर्त्याने त्याला गाठून सांगितलं, "66 अ लागेल, तीन वर्षं आत जाशील." पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. गुन्हा दाखल झाला तर सगळ्या मेहनतीवर पाणी. घाबरून विचारत होता, "दादा, खरंच असं कलम आहे का?"

मी पुस्तक उघडलं. कलम 66 अ छापलेलं होतं. अपमानकारक, त्रास देणारा संदेश पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मी म्हटलं, "आहे बाबा. पोस्ट डिलीट कर आणि माफी माग." त्याने मागितली, हात जोडलेल्या इमोजीसकट. टाकीचा विषय तिथेच बंद.

दोन महिन्यांनी कॉलेजात मॅडमनी पहिली असाइनमेंट दिली. यादीतला एक निकाल निवडा, मूळ निकाल वाचा, दोन पानं लिहा. मी श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार निवडला. फेसबुकचं प्रकरण आहे, सोपं जाईल असं वाटलं.

2012च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर या कलमाविरुद्ध याचिका झाली. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 66 अ पूर्णपणे रद्द केलं. कलमातले शब्द इतके मोघम आहेत की कोणालाही कशासाठीही पकडता येईल, आणि राज्यघटनेच्या 19(1)(अ)मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असं न्यायालयाने म्हटलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं यांत फरक आहे, हेही त्यात आहे.

मी घरी येऊन त्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. आवृत्ती 2012ची. घाम फुटला.

निकालानंतरही देशात या कलमाखाली गुन्हे नोंदले जात होते. 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केलं आणि ऑक्टोबर 2022मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका, असं स्पष्ट बजावलं. म्हणजे चुकणारा मी एकटा नव्हतो. पण पोराला माफी मागायला लावणारा मीच होतो.

तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली. आधी घडलं काय ते चार ओळींत लिहायचं. मग नेमका प्रश्न काय तो. मग कलम, आणि ते आज लागू आहे का याची खात्री. 1 जुलै 2024पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. जुनं 420 आता 318(4)मध्ये आहे, तरी लोक अजून 420च म्हणतात. शेवटी निकाल, तोही फॉरवर्ड आलेला सारांश नाही, मूळ. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआरवर निकाल फुकट मिळतात, काहींचा मराठी अनुवादही आहे.

हेही सांगतो, 66 अ गेलं म्हणून काहीही लिहायची मोकळीक नाही. बदनामीचं कलम आहेच, न्याय संहितेत 356. पण टाकी का गळते हे विचारणं म्हणजे बदनामी नव्हे.

पोराकडे गेलो, सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, मग माझी माफी परत घेता येते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, "ते माहीत नाही, पण तुझा प्रश्न परत विचारता येतो."

माहितीचा अर्ज लिहायला बसलो. पहिला मसुदा दोन पानं झाला. 'जनतेचा पैसा', 'भ्रष्ट कारभार', सगळं त्यात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत हवा. कापत गेलो. शेवटी चारच गोष्टी उरल्या: टाकीचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, दिलेली बिलं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. राग कुठेच नाही, पण आता टाळायलाही जागा नाही. कायद्याचं लिखाण म्हणजे काय हे मला त्या 150 शब्दांत कळलं. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. अर्ज माझ्या नावाने दिला, कारण चूक माझी होती.

30 दिवस उलटले, उत्तर नाही. काल कलम 19(1)खाली पहिलं अपील दिलं. अर्ध्या पानाचं. पोच मिळाली तिचा फोटो पोराने स्वतः ग्रुपवर टाकला, टाकीच्या जुन्या फोटोसकट. इमोजी नव्हता.

तेव्हा मंडळी, कोणी कलमाची भीती दाखवली तर तीन प्रश्न विचारा. कायदा कोणता? पुस्तक कुठल्या सालचं? आणि आज ते कलम लागू आहे का? समोरचा 'वकीलसाहेब' असला तरी विचारा. माझ्यासारखा असला तर जरूर विचारा.

अपिलाचं काय होतं ते इथेच कळवतो.